पाठकोऱ्या कागदावर कुणाचा तरी आधार क्रमांक

मुलीच्या नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्रासाठी काल ठाण्यातल्या एका कचेरीत गेले होते आणि तेव्हापासून डोक्यात तिडीक आहे ती गेलेली नाही. जातीचा दाखला याच कार्यालयाने दिलेला, त्यावर बारकोड छापलेला, तरी त्याची झेरॉक्स जोडा. उत्पन्नाचा दाखला त्याच इमारतीतून निघालेला, त्याचीही जोडा. रेशनकार्ड पुरवठा विभागाचे, जन्मदाखला महापालिकेचा. शासनाने दिलेले कागद शासनाच्याच दुसऱ्या टेबलावर नेऊन पोहोचवायचे, हे काम माझे. निदान तुमचा स्वतःचा दाखला तरी संगणकावर पाहून घ्या, असे म्हटले तेव्हा खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ताई, दुसऱ्या खात्याचा डेटा आम्हाला बघता येत नाही. प्रायव्हसीचा प्रश्न असतो."

आणि त्याच बाईंनी, राहिलेल्या कागदांची यादी लिहून देण्यासाठी, शेजारच्या गठ्ठ्यातून एक पाठकोरा कागद ओढला, मधोमध फाडला आणि त्यातला अर्धा माझ्या हाती ठेवला. जिन्यात तो उलटून पाहिला, तर मागे कळव्याच्या कुणा बाईंच्या आधारकार्डाची झेरॉक्स होती. फोटो, जन्मतारीख, चाळीच्या खोली क्रमांकासह पत्ता, बाराच्या बारा आकडे, खाली हाताने लिहिलेला मोबाइल नंबर आणि 'स्वयंसाक्षांकित' म्हणून केलेली सही. एखाद्या भामट्याला आणखी काय हवे असते? मी परत वर जाऊन तो कागद दाखवला. "अहो, रद्दीतला आहे तो," एवढेच उत्तर मिळाले. ज्या बाईंनी रांगेत उभे राहून, झेरॉक्सवाल्याला पैसे देऊन तो कागद जमा केला, त्यांना आपली माहिती पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात गेल्याचे कोण सांगणार आहे?

मी स्वतः नेलेली आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दाखवणारी होती. ही सोय आधार प्राधिकरणानेच दिलेली आहे. ती नाकारली, कारण "पूर्ण नंबर दिसला पाहिजे". २०२२ च्या मे महिन्यात त्याच प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने लोकांना सावध केले होते की आधारच्या झेरॉक्स वाटेल तिथे देऊ नका. दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली, आणि झेरॉक्सचा धंदा जसा होता तसा चालू राहिला. सरकारी कागद मोबाइलवर ठेवण्याची डिजिलॉकरची सोय २०१५ पासून आहे, त्यातला कागद मूळ प्रतीइतकाच ग्राह्य धरावा असा केंद्राचा नियम आहे, तरी खिडकीवर मोबाइल पुढे केला की "प्रिंट काढून आणा" हेच ऐकावे लागते.

प्रायव्हसीचे कारण तर मला मुळीच मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो नागरिकाला राज्यसंस्थेपासून संरक्षण मिळावे म्हणून. कारकुनाला हात झटकता यावेत म्हणून नव्हे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचे कलम ७ लाभ किंवा प्रमाणपत्र देण्यासाठी शासनाला आपल्याच नोंदी ठरावीक निकष पाळून वापरू देण्याची तरतूद करते. आणि खात्यांना मनात आले की नोंदी पाहता येतात. लाडकी बहीण योजनेतली नावे कमी करायची होती तेव्हा परिवहन खात्याकडच्या चारचाकींच्या नोंदी ताडून पाहता आल्या. कुणाचे नाव कापायला जी माहिती खात्याखात्यांतून फिरते, तीच एका मुलीला वेळेत प्रमाणपत्र द्यायला का फिरत नाही?

शिवाय सगळी माहिती फिरवण्याचीही गरज नाही. उत्पन्न नॉन-क्रिमिलेअरसाठीच्या आठ लाखांच्या मर्यादेत आहे की नाही, एवढाच प्रश्न एका खात्याने विचारावा आणि दुसऱ्याने होय किंवा नाही एवढेच कळवावे. माझा पगार, माझे बँक खाते, नवऱ्याच्या नोकरीचा तपशील त्या खिडकीपर्यंत पोहोचण्याचे कारणच नाही. कुणी, कधी, कशासाठी विचारले याची नोंद राहावी आणि ती मला दिसावी. आधारचे प्रमाणीकरण कधी झाले हे आज घरबसल्या पाहता येते. मग माझा उत्पन्नाचा दाखला कोणत्या टेबलावर कुणी उघडला, हे मला का पाहता येऊ नये?