ध्रुवच्या हबला बिजागऱ्या नाहीत, हा दोष नव्हे

पोरबंदर येथे ५ जानेवारी २०२५ रोजी तटरक्षक दलाचे ध्रुव हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला, त्यानंतर व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागला. त्याचे म्हणणे असे: ध्रुवच्या मुख्य रोटरच्या हबला, म्हणजे पाती जिथे जोडली जातात त्या मधल्या भागाला, बिजागऱ्या नाहीत, म्हणून पाती हलू शकत नाहीत आणि ताणाने मोडतात, त्याचमुळे यंत्र थरथरते, याउलट दोन पात्यांचा साधा हब सर्वांत सुरक्षित, कारण त्यात बिघडण्यासारखे काही नसतेच. असल्या संदेशांकडे मी दुर्लक्षच करतो. परंतु हेलिकॉप्टर चालवायला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो मला पाठवून ‘मामा, म्हणजे आमचे दोन पात्यांचेच बरे ना?’ असे विचारले, तेव्हा उत्तर लिहिणे भाग पडले.

बिजागऱ्यांच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, एवढे मान्य करतो. हेलिकॉप्टर पुढे जाताना एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते आणि दुसऱ्या बाजूचे वाऱ्यासोबत मागे येते, त्यामुळे दोन्ही बाजूंची उचल सारखी राहत नाही. पाती ताठ बसवल्यामुळेच हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याची पहिली ऑटोजायरो, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांची विमाने, कलंडली, आणि पात्यांना वर-खाली होऊ देणाऱ्या बिजागऱ्या बसवल्यावर जानेवारी १९२३ मध्ये त्याचे सी.४ उडाले. मात्र गरज आहे ती हालचालीची. ती बिजागरीनेच व्हावी असे नाही. ध्रुवमध्ये पात्याच्या मुळाजवळचा संमिश्र पदार्थाचा लवचिक भाग वाकतो आणि पाते वर-खाली होते. १९६७ साली प्रथम उडालेले जर्मनीचे बो १०५ याच धाटणीचे होते, आणि ते बनवणाऱ्या कंपनीचा ध्रुवच्या आराखड्यात सहभाग होता. ब्रिटनच्या लिंक्सने तर ११ ऑगस्ट १९८६ रोजी ताशी ४००.८७ किलोमीटरचा विक्रम केला, तोही बिजागऱ्या नसलेल्या टायटॅनियमच्या हबवर.

खरा संताप येतो तो दोन पात्यांच्या दाव्याचा, कारण त्यावर विश्वास ठेवणारा शिकाऊ वैमानिक जिवाला मुकू शकतो. या प्रकारात दोन्ही पाती एकमेकांना जोडलेली असतात आणि मास्टच्या, म्हणजे रोटर फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या, टोकावर सी-सॉसारखी झुलतात. असा हब स्वतःहून मास्टला वाकवू शकत नाही; रोटरची उचल जिकडे कलेल, तिकडे त्या उचलीच्या ओढीने धड जाते. वैमानिकाने स्टिक एकदम पुढे ढकलली की उचल जवळजवळ शून्यावर येते, आणि उचलच नसेल तर स्टिकने धड वळवण्याचे साधनही उरत नाही. शेपटीचा रोटर मात्र जोर लावतच असतो, त्यामुळे अमेरिकी धाटणीच्या, म्हणजे वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या, हेलिकॉप्टरांचे धड उजवीकडे लोळू लागते. वैमानिक सवयीने स्टिक डावीकडे नेतो. रोटर डावीकडे कलतो, धड त्याच्यामागे येत नाही, हब मास्टवर आपटतो आणि मास्ट तुटू शकतो. यालाच मास्ट बम्पिंग म्हणतात. अशा वेळी आधी स्टिक हलकेच मागे घेऊन रोटरवर भार आणायचा आणि मगच धड सरळ करायचे, हे शिकवावे लागते. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने १९९५ साली रॉबिन्सन आर२२ आणि आर४४ या दोन पात्यांच्या हेलिकॉप्टरांसाठी या धोक्याचे प्रशिक्षण एका विशेष नियमाने सक्तीचे केले. बिघडण्यासारखे काही नसते, तर त्या नियमाची गरज काय होती? बिजागऱ्या नसलेल्या हबमध्ये पात्याचे मूळ वाकताना मास्टवर थेट जोर लावते, त्यामुळे उचल नसतानाही धडावरचा ताबा बराच टिकतो. बो १०५ लूप, म्हणजे हवेत उभी गोल कोलांटी, घेऊ शकत असे, ते याच गुणामुळे.

कंपनांच्या बाबतीत सवलत द्यायला हरकत नाही: असा हब जो जोर मास्टमध्ये सोडतो, त्याच्यासोबत कंपनेही धडात येतात. चार पात्यांच्या रोटरमध्ये ती मुख्यतः दर फेरीला चार या गतीने येतात. त्यासाठीच ध्रुवमध्ये गिअरबॉक्स आणि धड यांच्यामध्ये कंपनरोधक यंत्रणा बसवली आहे. बिजागऱ्या असलेली हेलिकॉप्टरेही थरथरतातच.

राहिला पोरबंदरचा अपघात. प्राथमिक तपासात तुटलेला आढळला तो स्वॉशप्लेटचा न फिरणारा भाग, म्हणजे वैमानिकाच्या हाताची हालचाल पात्यांपर्यंत पोचवणाऱ्या साखळीतला दुवा. स्वॉशप्लेट बिजागऱ्या असलेल्या हेलिकॉप्टरांतही असते आणि ती तुटली तर तिथेही ताबा जातो. तो भाग का तुटला, त्याचे आयुष्य कोणत्या भारांवर ठरवले होते आणि त्याची तपासणी किती तासांनी होत होती, हे प्रश्न गंभीर आहेत आणि ते निर्मात्याला विचारलेच पाहिजेत. संदेशात त्यांपैकी एकही नाही.