सात दिवसांत घरात समुद्र? बडोद्यात फिरणाऱ्या एका निरोपाला उत्तर

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतो आहे: ‘घरच्या घरी रीफ टँक, फक्त सात दिवसांत’. रीफ टँक म्हणजे समुद्री मासे आणि कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं. कावी-कंबोईला स्तंभेश्वराच्या दर्शनाला गेलात की येताना चार कॅन समुद्राचं पाणी भरून आणा. ते जमत नसेल तर घरच्या आरओच्या पाण्यात मीठ कालवा. जिवाणूंची एक बाटली ओता. स्वस्तातला एक डॅमसेल मासा सोडून बघा, तो जगला की टाकी तयार. सातव्या दिवशी पाणी नितळ दिसलं की कोरल ठेवा. तपकिरी थर आला तर सगळं उपसून धुवा. आणि टाकीत रचायचे दगड जामनगरच्या किनाऱ्यावर फुकट मिळतात.

सगळंच खोटं असतं तर लिहायची गरज नव्हती. बहुतेक ओळींत थोडं खरं आहे, आणि मासे मरतात ते उरलेल्या भागामुळे.

पाण्यापासून सुरुवात करू. समुद्राचं पाणी चालतं हे बरोबर, पण कावी-कंबोईला आपल्याला दिसतं ते महीचं मुख. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक भावनगरजवळ १० मीटरच्याही वर जातो आणि त्या ओढीने तळाचा गाळ सतत ढवळला जातो. मही, साबरमती, नर्मदा, तापी सगळ्या याच आखातात येतात, त्यामुळे पावसाळ्यात खारटपणा घसरतो. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही कालव्याने महीच्या मुखाकडेच जातं. गुजरातची प्रवाळं मुख्यतः कच्छच्या आखातात वाढतात, खंभातच्या नाही, यावरून काय ते समजा. भरतीचं पाणी दिवसातून दोनदा महादेवाला अभिषेक घालतं, ते बघायला जरूर जा. कॅन घरी ठेवा.

मिठाचं तर दोन ओळींत उरकतं. खडे मीठ काय किंवा आयोडीनवालं काय, ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. समुद्रातल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांच्या आसपास भरतात. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट येतात, आणि कोरलचा सांगाडा त्यातल्याच कॅल्शियम-कार्बोनेटचा. म्हणून रीफसाठीचं तयार मीठच घ्यायचं: १०० लिटरला साधारण साडेतीन ते पावणेचार किलो. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे घनता १.०२५-१.०२६, आणि तो रेफ्रॅक्टोमीटर या खारटपणा मोजायच्या उपकरणाने मोजायचा, जिभेने नाही. (निरोपात खरोखर ‘चाखून बघा’ असं आहे.)

आरओचा सल्ला मात्र नीट उलगडायला हवा, कारण तो सगळ्यात समंजस वाटतो. आजवा तलावाचं असो, महीचं असो की सोसायटीच्या बोअरचं, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जाईल; नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, तांबं यातलं काही उडत नाही. म्हणून आरओ हवाच. पण स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. पाण्याला चव यावी म्हणून त्यात बऱ्याचदा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, म्हणजे मेंब्रेनमधून न गेलेलं थोडं पाणी परत मिसळलं जातं. टीडीएस मीटर लावा, ५० ते १०० सहज दाखवेल. टाकीला हवं शून्य, आणि त्यासाठी आरओच्या नंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडावा लागतो. त्यातही हल्लीची काही मॉडेलं आरोग्याच्या नावाखाली पाण्यात तांबं सोडतात. माणसाला ते चालत असेल. कोळंबी, गोगलगाय आणि कोरल यांना तांबं म्हणजे जहर. तुमच्या यंत्रावर तसं लिहिलं असेल तर त्या नळाखाली बादली लावूच नका. बाष्पीभवनाने घटलेली पातळीही याच शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने भरायची. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. वर पुन्हा खारं पाणी ओतलं की खारटपणा चढत जातो. आपल्या मे महिन्यात हे रोजचं काम आहे.

आता बाटली. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. टाकी सायकल करायची म्हणजे या दोन्ही टोळ्या दगडांवर आणि वाळूत पुरेशा वसवायच्या. बाटलीत खरोखर जिवंत नायट्रीकरण करणारे जिवाणू असतील तर वेळ वाचतो, यात वाद नाही. पण हे जिवाणू बीजाणू करून झोपून राहत नाहीत. आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असताना बाटली कुरियरच्या गोदामात चार दिवस पडून आली, तर आत काय उरलं असेल? आणि ते वाढतातही सावकाश. ई. कोलायसारखे जिवाणू अनुकूल वातावरणात २० मिनिटांत दुप्पट होतात; यांना अर्धा-एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. बिनबाटलीचं काम तीन ते सहा आठवड्यांचं धरा.

पण मुळात दिवस मोजायचेच नाहीत. टाकी रिकामी असताना त्यात अमोनिया २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) होईल इतकं अमोनियम क्लोराइड घाला. १०० लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम. अमोनियम क्लोराइड म्हणजेच नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा खडा उचलू नका, त्यात काय काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागलं, की टाकी तयार. हे दहाव्या दिवशी झालं तर दहाव्या, चाळिसाव्या दिवशी झालं तर चाळिसाव्या. मग पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचं आणि एखादाच मासा सोडायचा, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाच्या बेतानेच राहते.

‘डॅमसेल सोडून बघा’ या ओळीचा मला खरा राग येतो. अमोनियाचा विषारी भाग पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे तो आकडा) एकाने वाढला की जवळजवळ दहापट होतो. गोड्या पाण्यातल्या गप्पी माशांच्या टाकीत पीएच ७ च्या आसपास असतो, इथे ८.२. म्हणजे गोड्या पाण्यात ज्या आकड्यावर मासा तगून जातो, त्या आकड्यावर इथे त्याचे कल्ले भाजतात. डॅमसेल चिवट असल्यामुळे बऱ्याचदा जगतो, आणि मग दुसरी कटकट सुरू होते: हा मासा आपली हद्द राखतो, नंतर आणलेल्या क्लाऊनफिशला कोपऱ्यात दाबतो, आणि त्याला पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. दुकानातून पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी घेऊन आला असेल तर तो टाकीत मुक्काम ठोकतो, आणि त्यावरचं तांब्याचं औषध कोरलच्या टाकीत घालता येत नाही. थोड्या पैशांचं रसायन जे काम करतं, त्यासाठी जीव कशाला टांगायचा?

नितळ पाण्याचं काय? अमोनियाला रंग नसतो. पहिल्याच दिवशी पाणी नितळ दिसू शकतं आणि मारकही असू शकतं. तपकिरी थर उलट काळजीचा नाही: ते डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, सिलिकेटवर जगतात, आणि सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप ओसरतात. त्यामागून हिरवं शेवाळ येतं, कधी सायनोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचा लालसर थर. या दिवसांत दगड नळाखाली घासणं म्हणजे वसवलेली वस्ती क्लोरीनने मारून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं. गोगलगायी सोडा, दिवे कमी तास लावा, पाणी बदला. नायट्रेट आणि फॉस्फेट पार शून्यावर आणण्याचा हट्टही नको. अशा अतिस्वच्छ टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव माजतात, आणि ते डायटमपेक्षा फार चिवट.

सातव्या दिवशी कोरल ठेवण्याबद्दल एवढंच: सायकल पूर्ण झाली म्हणजे अमोनियाची सोय झाली. कोरलला त्यापलीकडे स्थैर्य लागतं. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ८-९ डीकेएच या मापात, कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास, तापमान २५-२६ अंश, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे न हलता. निरोपात तापमानाचा उल्लेखही नाही! बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात; जुलैत हवा दमट झाली की तोही उपाय लंगडा पडतो, मग चिलर किंवा एसी. विजेचं तसंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा शहरात कितीतरी घरांत वीज नव्हती. पंप थांबला की कोमट पाण्यातला प्राणवायू काही तासांत संपतो. बॅटरीवरचा एअर पंप आधी, कोरल नंतर.

राहिला जामनगरचा दगड. कच्छच्या आखातातला तो किनारा १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या नरारा बेटावर ओहोटीत चालत जाऊन प्रवाळ बघता येतात, उचलता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच ही यादी. वाळलेला, मेलेला तुकडाही त्यात येतो. समुद्रघोडेही संरक्षित आहेत, कुणी ‘जोडी आणून देतो’ म्हणालं तर नाही म्हणा. दुकानात दगडी कोरल विकायला दिसला तर कागदपत्रं मागा; दुकानदार विषय बदलू लागला तर निघून या. जिवाणूंना फक्त छिद्रं हवी असतात. बाजारात मिळणारा कृत्रिम सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकच्या विटा त्यांना तितक्याच मानवतात, आणि त्यांच्यासोबत नको असलेले खेकडे आणि अळ्याही घरात येत नाहीत.