शिलकी अंदाजपत्रक बनवा घरच्या घरी

महापालिकेचं अंदाजपत्रक बनवणं अवघड वाटतं? छे हो. फेब्रुवारीपासून वॉर्ड ऑफिसात चार फेऱ्या मारून मी फुकटात शिकून आलोय.

आधी खर्च लिहा, मग तो भागून वर थोडी शिल्लक उरेल एवढं उत्पन्न लिहा. मालमत्ता कराची सगळी थकबाकी यंदा वसूल होणार असं धरायला कोणाच्या बापाचं काय जातं? पुढे 'सुधारित अंदाज' नावाचा खोडरबर आहेच.

जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, 2017 साली जीएसटी आला. आता राज्याकडून भरपाईचा हप्ता येतो. तो लांबला की मंत्रालयाकडे बोट दाखवा.

नागरिकांच्या सूचना मागवा. मागवा, एवढंच.

आता लेखाशीर्ष. म्हणजे आपल्या रोजच्या भाषेत 'हेड', कुठल्या कामाला किती पैसे त्याचा कप्पा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चेंबरचं झाकण फुटलं. कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचली, वर लाल चिंधी बांधली. मी अर्ज घेऊन गेलो. "काका, दुरुस्तीचं हेड संपलंय, एप्रिलमध्ये या." झाकण म्हणजे महसुली खर्च, रोजच्या देखभालीचा; पदपथ भांडवली, म्हणजे नव्या बांधकामाचा. इकडचे पैसे तिकडे करायचे तर वर्गीकरणाचा प्रस्ताव हवा, आणि एका झाकणासाठी तो कोण करतो? बरं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्याच गल्लीत ट्रक आला. धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडले, नवे बसवले. फरक फक्त रंगाचा. का, तर तरतूद शिल्लक होती आणि 31 मार्चला व्यपगत झाली असती, म्हणजे हातची गेली असती! रात्री अकरापर्यंत ठोकाठोक. चेंबरपाशी आल्यावर त्यांनी काय करावं? ब्लॉक कापून फांदीभोवती नेटका गोल केला. फांदी तशीच. चिंधी तशीच.

आणि वर्गीकरण जमत नाही म्हणे. 2022 नंतर कित्येक महापालिकांत नगरसेवकच नव्हते. अंदाजपत्रक प्रशासकानंच मांडायचं, त्यानंच मंजूर करायचं. तेव्हा कोणी अडवलं होतं?

घरपट्टी थकली की दरमहा 2 टक्के शास्ती लावता ना? मी वेळेत भरतो. झाकणं दरवर्षी फुटतात. गेल्या वर्षी किती फुटली ते तुमच्याच रजिस्टरात आहे. ते उघडा आणि तेवढे पैसे बाजूला ठेवा. याला अक्कल लागत नाही, लाज लागते.

परवा गेलो, एप्रिल लागला म्हणून. "निधीचं वाटप व्हायचंय, जूनमध्ये या." अहो, जूनमध्ये तिथे गुडघाभर पाणी साचतं. फांदी वाहून जाते, आणि पोरं त्याच रस्त्यानं शाळेत जातात.