ग्रंथपालांनो, एकदाचे ऑनलाइन व्हा!

रात्री पावणेअकराला शाळेच्या गटावर 'अतितात्काळ' असा मथळा घेऊन पीडीएफ पडली की समजा, तुमच्या ग्रंथालयाचंही भाग्य उजळलं. आमचं गेल्या सोमवारी उजळलं. संस्थेने ऑनलाइन शिक्षणाचा एक प्लॅटफॉर्म घेतलाय आणि आता वाचनाच्या तासिका त्याच्यावरच घ्यायच्या आहेत. मी अर्धवेळ ग्रंथपाल. पूर्ण सहा दिवसांचा अनुभव गाठीशी आहे, म्हणजे प्रशिक्षण द्यायला आलेल्या मुलापेक्षा पाच दिवस जास्त. तेव्हा चार गोष्टी सांगते, ऐका.

आधी प्रश्न विचारणं सोडा. 'दीक्षा' ही सरकारची ऑनलाइन शिक्षणाची सोय 2017 पासून आहे, फुकट आहे, बालभारतीच्या पुस्तकांवर तिचे क्यूआर कोड छापलेले आहेत, मग हे विकतचं कशाला, असं तर मुळीच विचारू नका. मी विचारलं. "मॅडम, तुमचा नेहमी नन्नाचा पाढा," एवढं उत्तर मिळालं आणि पुस्तकांवर बारकोड लावायची जबाबदारीही माझ्याच गळ्यात पडली.

पासवर्ड पुस्तकांच्या दाखल नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहा. तिथवर कुणीही येत नाही.

आता लॉगिन. इथे जरा बैठक मारून वाचा. सातवी ब, मुलं 48, टॅब तीन, तासिका 35 मिनिटांची. प्रत्येक मुलाचं खातं वेगळं, आणि ते उघडायला पालकांच्या मोबाइलवर ओटीपी. आता जनरल रजिस्टरला जो नंबर आहे, तो पाचवीच्या प्रवेशाच्या वेळचा. त्यानंतर बापाने दोन सिमकार्डं बदललीत. एकाचे वडील कंपनीत सेकंड शिफ्टला, म्हणजे दुपारी झोपलेले. एकीच्या आईचा फोन घरी, आई खुरपायला. एका पठ्ठ्याने घरी फोनच नाही म्हणून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा नंबर दिलेला. त्याला मी फोन लावला, "दादा, एक सहा आकडी नंबर आला असेल, सांगता का?" त्याने मला जे सांगितलं ते आकड्यांत नव्हतं. त्याचंही काय चुकलं? ओटीपी कुणाला सांगू नका, हे तर आम्हीच परिपाठात घोकून घेतो. तासिका संपली तेव्हा सहा मुलं लॉगिन झाली होती. उरलेली 42 भिंतीला टेकून नखं खात होती. त्यांच्या मागे चार कपाटं होती. पुस्तकांची. कुलूपबंद.

ग्रंथालयशास्त्र शिकला असाल तर ते विसरा. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम सांगितले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं म्हणतो. दर 12 ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, आपण त्यांच्या फोटोला हार घालतोच की. तेवढं पुष्कळ झालं.

मजकूर वाचून बघण्याच्या भानगडीत पडू नका. मी पडले. 'गोष्टींचं जग' उघडलं तर हिरवा पोपट डोळे मिचकावत म्हणतो, "एकदा एका वेळेवर एक राजा होता." वेळेवर! राजा वक्तशीर असावा. खाली प्रश्न: गोष्ट आवडली का? पर्याय अ) हो, ब) खूप.

तासिकेचे फोटो मात्र गटावर वेळेत टाका. वीज नसली, टॅब बंद असले तरी चालतं. काळा पडदा फोटोत चमकतो छान.

आणि डॅशबोर्डला घाबरू नका. कोण किती वाचतं हे तो मिनिटांत मोजतो. बुधवारी मधल्या सुट्टीत मी खिचडी वाटपाला गेले आणि तिन्ही टॅब पोपटासकट चालू राहिले. सातवी ब शाळेत पहिली! गटावर मुख्याध्यापकांकडून अभिनंदन, त्यावर अकरा पुष्पगुच्छ आणि दोन नमस्कार.

शुक्रवारी मात्र जे झालं त्यावर माझ्याकडे सल्ला नाही. त्या 42 पैकी एक पोरगा कपाटाशी येऊन उभा राहिला. "बाई, मागच्या बारीचं अर्धं राहिलंय, न्यू का?" थांब म्हटलं. माझं बाकीच्यांचे ओटीपी विचारून झाल्यावर तो परत आला. थांब म्हटलं. कारण पीडीएफमध्ये लिहिलंय की देवघेव आता प्लॅटफॉर्मवरच, आणि त्याला पुस्तकावर बारकोड लागतो, आणि बारकोड छापायचं मशीन 'प्रस्तावित' आहे. घंटा झाली. पोरगा काही न बोलता गेला.

अहो, काय चाललंय हे? पोरगं स्वतःच्या पायाने पुस्तक मागायला येतं आणि मी, त्याच कामाचा पगार घेणारी बाई, त्याला दोनदा परत पाठवते! 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत, असं स्वच्छ लिहिलंय. पोपट हवा असं कुठे लिहिलंय? 1971 पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाची वर्गणी, संस्थाचालकांनो, दोन वर्षांपूर्वी तुम्ही बंद केलीत, पैसे नाहीत म्हणून. मग हे पैसे आले कुठून? वाळवी लागलेल्या कपाटासाठी मी तीन अर्ज दिले, त्यांचं काय झालं? आणि गटावर पुष्पगुच्छ टाकणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, स्टाफरूममध्ये तुम्हीच कपाळाला हात लावता ना? मग बैठकीत तोंडं का शिवता? मीही शिवलंच, शुक्रवारपर्यंत.

शनिवारी सकाळच्या शाळेत त्याला वर्गातून बोलावून घेतलं. जुनी देवघेव नोंदवही काढली, दाखल क्रमांक लिहिला, सही घेतली, पुस्तक दिलं. दीड मिनिट लागलं. त्याच्या मागे आणखी नऊ जणं आली, त्यांनाही दिली. एकाही पुस्तकावर बारकोड नाही. नोटीस काढायची असेल तर कागदावर काढा, ओटीपी मी कुणाला सांगत नाही.