‘हौशी’ या शब्दाबद्दल

वकीलसाहेब, नमस्कार.

माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्यावरचा मराठी विकिपीडियातला लेख मी कसा वाढवला, ते मागच्या आठवड्यात इथे लिहिलं होतं. त्यावर ‘एक वकील’ या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. ती ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की निवृत्तीची तारीख चुकली आहे, आणीबाणीतला जबलपूर खटल्याचा निकाल (स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असं सांगणारा) मी फार खाली आणि फार थोडक्यात दिला आहे, आणि मी पुण्याचा म्हणून पुणेकर न्यायमूर्तींना सांभाळून घेतलं आहे. शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘निकालपत्र उघडूनही न बघणाऱ्या हौशी लोकांनी न्यायमूर्तींची चरित्रं लिहायच्या भानगडीत पडू नये.’

तारखेचं तुमचं बरोबर आहे. मी 12 जुलै 1985 लिहिलं होतं, ते 11 जुलै हवं. जन्म 12 जुलै 1920 चा, त्यामुळे पासष्टी पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी कार्यकाळ संपला. दुरुस्ती केली आहे, इतिहास पानावर दिसेल. आभार.

पण ते शेवटचं वाक्य मला दोन दिवस सुचू देत नाहीये.

मी निकालपत्र उघडून पाहिलं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तुम्ही मला ओळखत नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं की तीन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर मी तेच वाचत होतो. सर्वोच्च न्यायालयाचा 28 एप्रिल 1976 चा निकाल, पाच न्यायमूर्ती, पाच स्वतंत्र निकालपत्रं. राय, बेग, चंद्रचूड आणि भगवती एका बाजूला, खन्ना एकटे दुसऱ्या बाजूला. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेला कौल त्या दिवशी पुसला गेला. कोठडीत माणसाला झोडपतील, उपाशी ठेवतील, ही वकिलांनी बोलून दाखवलेली भीती चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात नोंदवली आहे, आणि असं कधी घडणार नाही अशी आपल्याला हिऱ्यासारखी लखलखीत, हिऱ्यासारखी कठीण आशा आहे, असं म्हटलं आहे. या एका वाक्याच्या मराठीसाठी मी चार दिवस घालवले. ‘टणक’ लिहिलं, खोडलं. ‘अभेद्य’ लिहिलं, तेही खोडलं. न वाचणारा माणूस ‘कठीण’ की ‘टणक’ यावर चार दिवस अडून बसत नाही हो.

आणि ‘हौशी’ म्हणजे काय? हो, मी हौशी आहे. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, सनद माझ्याकडे नाही. पण मराठी विकिपीडिया 2003 पासून उभा आहे तो अशाच बिनपगारी माणसांच्या जिवावर. त्यात शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, माझ्यासारखे पेन्शनर आहेत. संपादनाचं बटण तुमच्यासाठीही तितकंच उघडं आहे. एखादा संदर्भ जोडावा, चर्चा पानावर दोन ओळी लिहाव्यात, चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, येऊन भांडावं, यातलं तुम्ही काहीच केलं नाहीत. तुम्ही थेट आमची लायकी काढलीत.

आता जे सांगणार नव्हतो तेही सांगतो. माझे थोरले काका मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणाऱ्या आणीबाणीतल्या कायद्याखाली, सोळा महिने तुरुंगात होते. मी तेव्हा सातवीत होतो. तुरुंगातून पोस्टकार्ड यायचं, त्यावर तपासणीचा शिक्का, आणि मधल्या दोन-तीन ओळींवर काळी शाई फिरवलेली. काकू ते कार्ड उजेडाकडे धरून शाईखालची अक्षरं दिसतात का ते बघत. मे 1976 च्या कार्डावर शाई फिरवलेली नाही. त्यात एवढंच आहे, ‘आता कोर्टाची वाट पाहू नये. आंब्याच्या पेट्या वेळेवर काढाव्यात.’ ते कार्ड आजही माझ्या कपाटात आहे.

धूळपाटीवरच्या (विकिपीडियातल्या कच्च्या लिखाणाच्या पानावरच्या) माझ्या पहिल्या मसुद्यात ‘लाजिरवाणा निकाल’ असे शब्द होते. मीच लिहिले आणि दुसऱ्या दिवशी मीच काढले. विश्वकोशात विशेषणाला नाही, संदर्भाला जागा असते आणि काकांचं पोस्टकार्ड हा तिथे संदर्भ होत नाही. तो शब्द काढताना मला काय वाटलं ते मी इथे मांडणार नाही. पण ज्या घरात ते कार्ड आलं, त्या घरातल्या माणसाला तुम्ही ‘सांभाळून घेतलं’ म्हणता? जरा विचार करून लिहायला हवं होतंत.

टीका कशी करावी याचा दाखला याच प्रकरणात आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाच्या हक्काबद्दलच्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल मोडीत काढला. त्यात स्वतःसह चार न्यायमूर्तींच्या वतीने निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती म्हणजे यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड. जबलपूर खटल्यातल्या बहुमताच्या चारही न्यायमूर्तींच्या निकालांत गंभीर दोष आहेत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं, आणि त्या चारांत वडील आले. त्यात कुणाची लायकी काढलेली नाही. मुलाला वडिलांबद्दल जे साधलं ते तुम्हाला एका अनोळखी माणसाबद्दल साधू नये?

निकाल लेखात वर हवा की खाली, याबद्दल एवढंच सांगतो की लेख कालक्रमाने आहे. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेमणूक, 1976 चा निकाल, 1978 मध्ये सरन्यायाधीशपद, मग मिनर्व्हा मिल्स आणि शाहबानो या खटल्यांचे निकाल. तो मधे आला कारण तो मधे घडला. परिच्छेद लहान वाटत असेल तर संदर्भ आणा, वाढवू. पुणेकर असण्याच्या मुद्द्याला मी उत्तर देणार नाही, ते उत्तराच्या लायकीचं नाही.

यापुढे लिहाल तेव्हा ओळ कोणती, चूक काय आणि आधार कशाचा, एवढं लिहा. त्याच दिवशी बघेन. ‘हौशी लोक’ म्हणून पुन्हा कुणाला हिणवलंत तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.