चादर दीड किलोची, भाडं तीन किलोचं

सोलापुरात चादरीचा लहानसा धंदा करणाऱ्याला दोनच गोष्टींची धास्ती असते : ऐन ऑर्डरीत जाणारी वीज आणि प्रोजेक्टसाठी येणारी कॉलेजची पोरं. वीज निदान लोगो घेऊन परत येत नाही.

लोगो स्क्रीनवर देखणा दिसतो, मान्य. केसाएवढ्या रेषा, निळ्यातून जांभळ्यात विरघळणारा रंग. पण जॅकार्डला, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राला, विरघळणं कळत नाही. ताण्याचा, म्हणजे उभा धागा वर की खाली, एवढंच कळतं. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, दर धाग्याला एक पत्ता, भोकं पाडलेला पुठ्ठा. इंचाला 40 बाणे धरले तर 10 इंचांच्या नक्षीला 400 पत्ते. त्यात पोरं म्हणणार, "काका, मोर फक्त जरा डावीकडे." त्या 'जरा'साठी 400 पत्ते पुन्हा पाडायचे.

नाव विणायची हौस तर विचारू नका. चादर दुपदरी. वर लालावर पांढरी अक्षरं आली की खाली पांढऱ्यावर लाल येतात, तीही आरशातली. पाहुण्यानं उलटी पांघरली की ब्रँड गेला! नाव शिवायच्या लेबलवर टाकावं, चादरीवर दोन्हीकडून सारखं दिसणारं फूल. आणि 'सोलापुरी चादर' हे भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे गावाशी बांधलेलं, कायद्यानं राखलेलं नाव. 1999च्या कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. पोस्टर मात्र आधीच छापून झालेलं असतं.

खरी कसोटी क्राउडफंडिंगची, म्हणजे संकेतस्थळावर लोकांकडून आधी पैसे गोळा करून मग माल पाठवायचा. समजा, हजार रुपये देणाऱ्याला एक चादर. संकेतस्थळाचे 5 टक्के म्हणजे 50, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 9. कुरिअरचे 200 धरा. उरले 741. चादर पडते 750ला. म्हणजे माणशी नऊ रुपये आपल्याच खिशातून, आणि मोहीम 'तुफान यशस्वी' झाली की तुफान तोटा. शिवाय पोरांनी वचन दिलेलं असतं, 'संक्रांतीला घरपोच'. तेव्हा सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा! माग बंद, माणसं नंदीध्वजांच्या मागं.

कुरिअरचे ते 200 तरी का? पोरांच्या देखण्या खोक्यामुळे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000नं भागायचं, हे कुरिअरवाल्याचं वजन. 40 गुणिले 30 गुणिले 12 म्हणजे 2.88 किलो, चादर दीड किलोची असली तरी भाडं तीनचं. तीच दाबून, दोरीनं आवळून 6 सेंटिमीटरवर आणली की 1.44, मग भाडं खऱ्या दीड किलोचंच.

"पण काका, मग अनबॉक्सिंगचा व्हिडिओ?"

गाठ सोडतानाचा काढा म्हणावं. दातानं सोडावी लागते, तेवढीच गंमत.