‘मग कोर्टात जा ना’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की सत्तेच्या मनमानीला विरोध करा असं लिहिणं म्हणजे लोकांना कायदा मोडायला शिकवणं. अन्याय वाटला तर कोर्टात जावं, बाकी सगळं अराजक. दगडफेक-जाळपोळीची तुम्हाला वाटते ती धास्ती मलाही वाटते. तिथे आपला वाद नाही.

पण ‘कोर्टात जावं’ हे तुम्ही फार सहज लिहिलंत. आणीबाणीत माणसं कोर्टातच गेली होती. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, उचललेल्यांना अटकेचं कारणसुद्धा सांगायचं नाही, अशी दुरुस्ती कायद्यात आधीच करून ठेवलेली. तरी नऊ उच्च न्यायालयांनी या अटका तपासायची तयारी दाखवली. आणीबाणीत अटकेविरुद्ध दादच मागता येत नाही, असं म्हणत सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्या. हंसराज खन्नांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारलं, की राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. उद्या कुणाचा जीवच बेकायदा घेतला तर? तेव्हाही दाद मागता येणार नाही, असंच उत्तर आलं. भर कोर्टात! आणि २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी सरकार जिंकलं.

तुम्ही म्हणाल, कागदोपत्री ते सगळं कायदेशीरच होतं. म्हणून तर खन्नांचं ते एकट्याचं मत मला इतकं मोलाचं वाटतं. कलम २१ नसतं, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचं जीवित वा स्वातंत्र्य सरकारला हिरावता आलं नसतं, असं त्यांनी लिहिलं. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी त्यांची ज्येष्ठता डावलली गेली, त्यांनी राजीनामा दिला. पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने कलम २१ ला आणीबाणीतही संरक्षण मिळालं, पण तो निकाल रद्दबातल ठरायला २०१७ उजाडलं.

एवढी वर्षं माणसाने काय करायचं होतं? चोरून पत्रकं वाटणारे, सत्याग्रह करून तुरुंगात जाणारे, मार्च १९७७ मध्ये रांगेत उभं राहून मत देणारे, यांतल्या कुणाला तुम्ही अराजकवादी म्हणाल? ‘कोणत्या कायद्याने?’ एवढंच तर ते विचारत होते.

एक मात्र मान्य करतो. मूळ लेखात मी ‘कायदेभंग’ हा शब्द सरसकट वापरला होता, आणि त्यातूनच तुमचा तसा समज झाला असणार. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.